डोळ्यांमागचे कारभारी

दोन्ही डोळ्यांकडून निघालेल्या नसा कवटीच्या तळाशी एके ठिकाणी एकमेकींना छेदतात. त्या चौकाच्या नेमकं वर, मध्यरेषेच्या डाव्या आणि उजव्या अंगाला, कारभाऱ्यांचं बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड कसलं, दोन खोल्या. दोन्ही मिळून एक घन मिलिमीटरही जागा भरत नाही, आणि तेवढ्यात हजारो पेशी दाटीवाटीनं बसलेल्या. पाटीवरचं नाव भारदस्त आहे: सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. डॉक्टर मंडळींना घाई असते, ती नुसतं ‘एससीएन’ म्हणतात. आपण कारभारीच म्हणू, कारण त्यांचा हुद्दा तोच आहे. मालक वरच्या मजल्यावर राहतो. तो विचार करतो, भांडतो, कर्ज काढतो, जुन्या आठवणी काढून रडतो. घरात काय कधी व्हायचं हे मात्र खालचे कारभारी ठरवतात, आणि ते तेच ठरवतात याची मालकाला आयुष्यभर गंधवार्ताही नसते.

त्यांचा दिवस मालक झोपेत असतानाच सुरू होतो. पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाचं तापमान तळाला गेलेलं असतं, तिथून ते चढू लागतं. कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढत जाऊन जाग येण्याच्या आसपास शिगेला पोचते. रक्तदाब वर येतो. मग यकृत, आतडी, स्नायू यांना आपापल्या वेळा मिळतात. जेवणातली साखर शरीर सकाळी जितक्या सहज जिरवतं, तितकी रात्री दहाला जिरवत नाही. दिवस मावळला की कारभारी पायनियल ग्रंथीला मोकळीक देतात आणि रक्तात मेलॅटोनिन उतरू लागतं: अंधार पडला, आता आवरा, असा त्याचा निरोप. रात्री मूत्रपिंडंही काम कमी करतात, म्हणून तरुण माणूस सलग सहा-सात तास अंथरुणातून उठत नाही. म्हातारपणी रात्रीतून तीन-चार वेळा उठावं लागतं, त्याला प्रोस्टेटसारखी इतर कारणं असतात. पण मूत्रपिंडांची ही रात्रीची सवलत ओसरणं हेही त्यातलं एक.

हे गृहस्थ वेळ कशानं मोजतात? काटे नाहीत, लंबक नाही. प्रत्येक पेशीत क्लॉक आणि बीमॅल-१ नावाची दोन प्रथिनं जोडीनं काम करतात आणि पर व क्राय नावाच्या प्रथिनांचं उत्पादन सुरू करतात. पर-क्राय साठत जातात. पुरेशी साठली की पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःचंच उत्पादन बंद पाडतात. पुढे ती हळूहळू विरून जातात, बंदी उठते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. या एका फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. फळमाशीत ही यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी की हीच यंत्रणा यकृतात आहे, फुप्फुसात आहे, कातडीतही आहे. घड्याळ प्रत्येकाकडे आहे. ती सगळी एकमेकांशी जुळती ठेवायची, ही कारभाऱ्यांची खरी नोकरी.

स्वभाव काटेकोर, पण किंचित संथ. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी १९९९ मध्ये माणसाच्या या आतल्या दिवसाचं माप काढलं, ते सरासरी २४ तास ११ मिनिटं भरलं. म्हणजे कारभाऱ्यांना एकटं सोडलं तर ते रोज अकरा मिनिटं मागे पडणार, आठवड्याला सव्वा तासाहून अधिक. म्हणून रोज सकाळी उजेड पाहून ते स्वतःला दुरुस्त करतात. शिस्तीची माणसं सहसा आपली चूक मानत नाहीत. हे रोज मानतात.

मालक आणि कारभारी यांच्यात वेळेचा पक्का कोण, याचा निवाडा १९६२ मध्ये एका गुहेत झाला. मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्समधल्या स्कारासनच्या भूगर्भात दोन महिने घड्याळाविना, सूर्याविना राहिला. १४ सप्टेंबरला त्याला वर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं तारीख होती २० ऑगस्ट. त्याच्या मनानं पंचवीस दिवस गमावले होते. झोपण्या-उठण्याची नोंद वरच्या सहकाऱ्यांकडे होती. ती पाहिली तर त्याचं शरीर साडेचोवीस तासांच्या आसपासचा दिवस नेमानं पाळत आलं होतं. मालक विसरला, कारभारी विसरले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढे आपल्याला अशा घरात जायचं आहे जिथे दोघंही विसरू लागलेले असतात.

कारभाऱ्यांचा पत्ता लागायला फार काळ गेला. १७२९ मध्ये ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूचं झाड अंधारात ठेवून पाहिलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवांच्या आतच काहीतरी वेळ पाळतं, हे तेव्हा दिसलं. कुठे, ते कळायला १९७२ उजाडलं. त्या एका वर्षात रॉबर्ट मूर आणि व्हिक्टर आयक्लर, तसंच फ्रेडरिक स्टीफन आणि अर्विंग झुकर अशा दोन जोड्यांनी उंदरांच्या मेंदूतली ही जागा काढून टाकली. उंदीर जगले. पाणी पीत होते, धावत होते, पण कशालाच वेळ उरली नव्हती. १९९० मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांनी त्यावर कडी केली. त्यांच्याकडे एका जनुकीय बदलामुळे वीस तासांचा दिवस जगणारी हॅमस्टरची जात होती. तिचे कारभारी काढून त्यांनी ते कारभारी गमावलेल्या साध्या हॅमस्टरच्या मेंदूत बसवले, तर तोही वीस तासांचा दिवस जगू लागला. घर तेच होतं. कारभारी बदलले आणि दिवसाचं माप बदललं.

डोळ्यांच्या चौकावर घर घेण्यामागे व्यवहार आहे. डोळ्याच्या पडद्यात थोड्या पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघण्याचं नाहीच. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, निळसर उजेडाला ते विशेष प्रतिसाद देतं, आणि त्यांचे धागे थेट कारभाऱ्यांच्या दारात येतात. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी स्वतःच उजेड टिपतात हे दाखवलं. काही पूर्ण अंध माणसांच्या शरीरालाही दिवस-रात्र कळते, ती याच वाटेनं. उलट म्हातारपणी डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू पिकतो, आणि निळसर उजेड आत पोचेनासा होतो. त्यात घरातला उजेड तो किती! ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स, बाहेर सावलीत दहा हजारांच्या घरात, भर उन्हात लाखापर्यंत. आपल्याला खोली लख्ख वाटते. कारभाऱ्यांच्या लेखी ती दिवसभर संध्याकाळच असते.

उजेड हा त्यांचा मुख्य सल्लागार, एकमेव नव्हे. जेवणाच्या वेळा मोजल्या जातात, हालचाल मोजली जाते, काही प्राण्यांत सोबतही मोजली जाते. मदुराईजवळच्या गुहांमध्ये एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांवर प्रयोग केले होते. गुहेच्या मिट्ट काळोखात कोंडलेली वटवाघळं, आजूबाजूला रोज उडून जाणारी-येणारी मोकळी भावंडं असली, की आपला दिवस बरोबर पाळत. एकटी ठेवली की त्यांचा दिवस बाहेरच्या दिवसाशी फारकत घेई. या प्राण्यावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये. पण दिवसभर एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहताना ती वटवाघळं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता कारभाऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे वळू, कारण या घराचं भलंबुरं त्यांच्याही हातात आहे. मेंदूत पहारेकरी पेशींची एक फौज असते, मायक्रोग्लिया. स्पेनच्या पियो देल रियो-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये तिला ओळख आणि नाव दिलं. बारीक फांद्या पसरून या पेशी अखंड आजूबाजूची चाचपणी करतात. मेलेलं गिळतात, निकामी झालेले जोड छाटतात, जंतू किंवा इजा दिसली की दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात. दाह स्वतः वाईट नाही. तो नसता तर साधी जखम भरली नसती. वाईट आहे तो न विझणारा दाह, ज्यात शत्रू सापडो न सापडो, पहारेकरी शस्त्र खाली ठेवत नाहीत आणि शेवटी घरच्यांवरच चालवतात.

पहाऱ्यालाही पाळ्या असतात. ‘सर्केडियन’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या फ्रान्झ हालबर्ग यांनी १९६० मध्ये दाखवलं की जंतूंच्या विषाची तीच मात्रा उंदरांना एका वेळी दिली तर बहुतेक मरतात, दुसऱ्या वेळी दिली तर बहुतेक वाचतात. माणसांत हे रोज दिसतं. दमा रात्री उसळतो. संधिवाताच्या आजीची बोटं सकाळी आखडलेली असतात आणि दहा वाजल्याशिवाय तिला पोळपाटाशी बसवत नाही, कारण दाहाचं इंटरल्यूकिन-६ हे रसायन पहाटे चढलेलं असतं. पेशीतल्या घड्याळाचाच एक भाग असलेलं रेव्ह-एर्ब नावाचं प्रथिन दाहाच्या जनुकांवर दाब ठेवतं. उंदरांमध्ये ते नाहीसं केलं, तर मेंदूतले पहारेकरी कारणाशिवाय चवताळतात. शस्त्र कधी म्यान करायचं, हे पहारेकऱ्यांना घड्याळ सांगतं.

२०१३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले एरिक म्युझिक आणि त्यांचे सहकारी यांनी एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या मेंदूतल्या बहुतेक पेशींमधलं बीमॅल-१ त्यांनी काढून टाकलं, पण कारभाऱ्यांच्या खोल्यांना फारसा धक्का न लावता. उंदरांचं झोपणं-उठणं वेळेवरच राहिलं. तरीही मेंदूतल्या आधारपेशी दाहाच्या अवस्थेत गेल्या आणि चेतापेशींच्या जोडांची हानी होऊ लागली. म्हणजे नुकसान केवळ जागरणानं होत नाही. वरून सारं सुरळीत दिसत असताना ठिकठिकाणची छोटी घड्याळं बंद पडली, तरी घर आतून पोखरतं. दाहाची रसायनं उलट घड्याळाच्या जनुकांनाही मंदावतात. घड्याळ बिघडलं की दाह वाढतो, दाह वाढला की घड्याळ आणखी बिघडतं.

याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध कसा? त्यासाठी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ऑगस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाईंकडे जावं लागतं. आलोइस अल्झायमर यांनी त्यांना तपासलं, १९०६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत आपलं निरीक्षण मांडलं. पेशींबाहेरची पुटं आणि पेशींमधल्या गुंतवळी यांची चर्चा शतकभर झाली. आधारपेशींमध्येही बदल दिसतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. त्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. २०१३ मध्ये मायक्रोग्लियातल्या ट्रेम-२ या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट करतो असं प्रसिद्ध झालं, आणि पहारेकरी केवळ बघे नाहीत हे मान्य करावं लागलं. मग दाह दाबणाऱ्या गोळ्या दिल्या की काम झालं? तेही करून पाहिलं. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन केलेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत बचाव दिसला नाही. पहारेकऱ्यांना सरसकट बांधून ठेवून भागत नाही. त्यांना वेळेवर उठवणारा आणि वेळेवर बसवणारा कोणीतरी लागतो.

पुटं ज्या ॲमिलॉइड बीटापासून बनतात, त्यालाही दिवस-रात्र आहे. २००९ मध्ये डेव्हिड होल्ट्झमन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की उंदीर जागा असताना मेंदूतल्या द्रवात ते वाढतं, झोपेत उतरतं. माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही असाच चढउतार सापडतो. २०१८ मध्ये वीस निरोगी माणसांना एक रात्र जागवून स्कॅन केलं, तर मेंदूच्या काही भागांत ॲमिलॉइड सुमारे पाच टक्क्यांनी जास्त दिसलं. झोपेत मेंदू आपली झाडलोट करतो, असं उंदरांवरून २०१३ पासून सांगितलं जातं. २०२४ च्या एका प्रयोगाचा निष्कर्ष मात्र नेमका उलटा आला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. म्हणून ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ असं व्हॉट्सॲपवर ठामपणे फिरतं, तितक्या ठामपणे शास्त्रज्ञ बोलत नाहीत.

वय वाढतं तसा कारभाऱ्यांचा आवाज बसत जातो. नेदरलँड्सच्या डिक स्वाब यांनी १९८५ मध्ये मृत्यूनंतर दान मिळालेले मेंदू तपासले. उतारवयात या जागेतल्या पेशी कमी होतात, आणि अल्झायमर झालेल्यांमध्ये त्याहून कमी. त्याचा परिणाम घरातल्यांना आकड्यांत दिसत नाही, दिवेलागणीला दिसतो. दुपारभर पेंगलेल्या आजी संध्याकाळी अस्वस्थ होतात, पिशवी भरायला घेतात, दाराची कडी काढू बघतात.

“मला घरी जायचंय. अंधार पडायच्या आत सोडा मला.”

“अहो आई, हेच तुमचं घर. बसा ना जरा.”

“तू कोण मला सांगणार? दादा वाट बघत असतील.”

दादा जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. सून हैराण होते, मुलगा ऑफिसातून येऊन आवाज चढवतो, रात्री दोनला सगळं घर जागं असतं आणि सकाळी दहाला आजी गाढ झोपलेल्या असतात. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण म्हातारचळ म्हणतात, किंवा त्या मुद्दाम करतात म्हणतात. त्या मुद्दाम करत नाहीत. संध्याकाळ झाली हे सांगणारा आवाज त्यांच्यापर्यंत धड पोचत नाही आणि पहाट झाली हे सांगणाराही. अशा वेळी दुखणं, लघवीचा संसर्ग, एखादं औषध अशी दुसरी कारणंही आधी तपासावीच लागतात. पण दिवसाची घडी विस्कटणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे. घर सोडून वृद्धाश्रमाचा विचार करायची पाळी अनेक कुटुंबांवर विसरण्यामुळे येत नाही, या रात्रींमुळे येते.

आता खरा प्रश्न. कारभारी आजारामुळे ढासळतात, की ते ढासळल्यामुळे आजार येतो? त्यांच्या विरुद्धचा पुरावा वाढतो आहे. २०११ मध्ये अमेरिकेत साडेबाराशेहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दिवस-रात्रीतला फरक पुसट होता, त्यांच्यात पुढल्या पाच वर्षांत स्मृतिभ्रंश किंवा त्याआधीची पायरी जास्त आढळली. २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका अभ्यासात सरासरी एकोणऐंशी वर्षांच्या २,१८३ माणसांच्या छातीवर नोंदयंत्र लावलं होतं. ज्यांची लय सर्वांत क्षीण होती त्यांना, ठळक लय असलेल्यांच्या तुलनेत, तीन वर्षांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे अडीच पट दिसला. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत पन्नाशीपासून सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी जास्त निघाला.

बचावाचीही बाजू आहे. अल्झायमरची सुरुवात लक्षणांच्या वीस-वीस वर्षं आधी होते. त्या मुक्या काळात आजारानंच घड्याळ बिघडवलेलं असू शकतं, आणि मग आपण परिणामाला कारण समजत असू. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज. त्या यादीत बहिरेपण आहे, रक्तदाब आहे, मधुमेह, एकटेपणा, उपचार न झालेला दृष्टिदोष आहे. झोप नाही, शरीराचं घड्याळही नाही. आयोगाला पुरावा तेवढा पक्का वाटला नाही. माझ्या मते इथे एकच गुन्हेगार शोधणं चुकीचं आहे. दोन्ही बाजू एकमेकींना ओढतात, आणि जिथून ओढ सैल करता येईल तिथून ती करावी.

सैल करायची म्हणजे आधी आपण या गृहस्थांना किती छळतो ते पाहायला हवं. गिरणगावात तीन पाळ्या चालत, तेव्हा निदान भोंगा सगळ्या वस्तीला वेळ सांगे. आज चाकण-भोसरीच्या कारखान्यांत या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट असा फेरा असतो. कारभारी एका वेळेशी जुळवून घेईपर्यंत दुसरी येते. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनं मीटिंगा चालतात. नर्स, पोलीस, मुक्कामी गाडीवरचे एसटीचे चालक-वाहक यांना पर्याय नसतो. रात्रपाळीचं काम बहुधा कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये नोंदवलं, २०१९ मध्ये पुन्हा. रात्रपाळीचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यात दिसलेली वाढ माफक आहे. रात्रपाळी केलेल्या माणसानं त्यावरून घाबरून जाऊ नये. ज्यांच्यावर सक्ती नाही ते आपण सगळे मात्र हौसेनं छळतो: साडेदहाला जेवण, बाराला मालिकेचा राहिलेला भाग, एकला उशाशी मोबाइल. आणि घरातले वृद्ध? सकाळी पडदे ओढलेल्या खोलीत, दिवसभर टीव्हीसमोर, दुपारी तीन तास आडवे, गॅलरीत सुकत घातलेल्या कपड्यांपलीकडचं ऊन दुरून बघत. त्यांचा दिवस उजेडाचा नसतो आणि रात्र अंधाराची नसते.

कारभाऱ्यांची समजूत घालता येते का, हे नेदरलँड्समधल्या बारा वृद्धनिवासांत करून पाहिलं गेलं. २००८ मध्ये त्याचा निकाल आला. एकशे एकोणनव्वद रहिवासी, बहुतेक स्मृतिभ्रंशाचे. निम्म्या निवासांच्या बैठकीच्या खोल्यांत छतावर तेजस्वी दिवे लावून दिवसभर सुमारे हजार लक्स उजेड ठेवला. तिथल्या लोकांची बुद्धीची घसरण किंचित मंदावली, सुमारे पाच टक्क्यांनी; खिन्नतेची लक्षणं एकोणीस टक्क्यांनी कमी झाली. नुसत्या मेलॅटोनिनच्या गोळीनं झोप सुधारली, पण मनःस्थिती बिघडली आणि माणसं अंग काढून बसू लागली. म्हणून गोळी द्यायचीच तर उजेडाच्या जोडीनं, असं संशोधकांनी बजावलं. पाच टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पण हे पाच टक्के दिव्यांनी मिळवले होते, आणि अशा आजारात मिळवले होते जिथे महागड्या औषधांनाही फार मोठा पल्ला गाठता आलेला नाही.

आपल्या देशात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण तो विषय संपवतो. संपवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू राहिला असेल तर तो काढून घ्या. सकाळच्या चहाची खुर्ची गॅलरीत, अंगणात किंवा सोसायटीच्या बाकावर न्या, आणि शेजारी बोलायला कोणी बसवा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासात आटपा. जेवण लवकर, तेही रोज एकाच वेळी. रात्री खोलीत खरा अंधार असू द्या; संडासाच्या वाटेवर पडू नये म्हणून खाली एक मंद पिवळा दिवा पुरतो. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं आणून देऊ नका. यानं गेलेली आठवण परत येणार नाही, आणि डॉक्टरांचं औषधही बंद करायचं नाही. पण ज्यांचं वय आज चाळीस-पन्नास आहे त्यांनी हेच नियम स्वतःला आत्तापासून लावून घ्यावेत, कारण कारभाऱ्यांकडे लक्ष द्यायला सगळ्यात उशिराची वेळ म्हणजे ते थकल्यानंतरची.